उभ्या गाडीचे नुकसान आणि विम्याचा दावा: कोणत्या क्रमाने काय करावे

उभ्या गाडीच्या नुकसानीचे दावे बहुधा पहिल्या काही तासांतच बिघडतात. मालक गाडी लगेच गॅरेजला नेतो, गॅरेजवाला सुचवेल ती हकिकत फॉर्मवर लिहितो आणि नुकसान किती, कापले किती जाणार, याचा हिशोब दावा मंजूर झाल्यानंतर मांडतो. चालत्या गाडीच्या अपघातात निदान चालक तरी साक्षीला असतो. उभ्या गाडीच्या बाबतीत तोही नसल्यामुळे जागेवरचा पुरावा आणि मालकाचे पहिले लेखी निवेदन यांवरच सर्व्हेअरला, म्हणजे नुकसानीची पाहणी करून रक्कम ठरवणाऱ्या तज्ज्ञाला, विसंबावे लागते. म्हणून येथे क्रमाला महत्त्व आहे. पुढील टप्पे भारतातील खासगी मोटारींच्या प्रमाणित पॉलिसीला धरून लिहिले आहेत. घरच्या पार्किंगमध्ये, रस्त्याच्या कडेला किंवा हॉटेलच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीला ते लागू पडतात.

## टप्पा १: नुकसान होण्यापूर्वी पॉलिसीतील चार गोष्टी तपासाव्यात

पहिली गोष्ट पॉलिसीच्या प्रकाराची. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होते त्यापुरताच असतो. आपल्या उभ्या गाडीवर झाड पडले, कोणी ओरखडे काढले किंवा कोणी धडकून पळून गेले, तर त्या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग चालू असावा लागतो. याला बोलीत ओडी म्हणतात आणि ओडी व थर्ड पार्टी एकत्र असलेल्या पॉलिसीला कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा पॅकेज म्हणतात. काही जणांकडे थर्ड पार्टीच्या जोडीला फक्त आग आणि चोरी यांचे संरक्षण असते. त्यात धडक आणि ओरखडे येत नाहीत.

सर्वाधिक फसगत होते ती मुदतीच्या बाबतीत. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, परंतु त्याबरोबरचा ओडी भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. मालक ‘विमा तीन वर्षांचा आहे’ असे समजून स्वस्थ बसतो आणि दुसऱ्या वर्षी उभ्या गाडीचे नुकसान झाले की ओडी केव्हाच संपल्याचे त्याला कळते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही भागांच्या तारखा स्वतंत्र छापलेल्या असतात. त्या आजच पाहाव्यात. ओडी एकटा वेगळा विकत घेण्याची सोय १ सप्टेंबर २०१९ पासून उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट नावाची. जुनी गाडी विकत घेतल्यावर थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, ओडी मात्र जात नाही. हस्तांतरणानंतर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आरसी एका नावावर आणि पॉलिसी दुसऱ्या नावावर असल्यास ओडीचा दावा टिकणे अवघड असते.

तिसरी गोष्ट प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायच्या रकमेची. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस १००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनास २००० रुपये सक्तीने कापले जातात. हप्ता कमी व्हावा म्हणून आपण स्वेच्छेने आणखी २५०० ते १५,००० रुपये सोसण्याचे मान्य केले असेल, तर तेही त्यात मिळवले जातात. ऑनलाइन पॉलिसी घेताना स्वस्त दिसणारा पर्याय निवडला जातो आणि ही अट लक्षात राहत नाही.

चौथी गोष्ट जादा संरक्षणांची. झिरो डेप (सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याचे), इंजिन प्रोटेक्ट (पाण्यामुळे होणाऱ्या इंजिनाच्या नुकसानीचे) आणि एनसीबी प्रोटेक्ट (दावा केल्यावरही नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकवण्याचे) यांपैकी काय घेतले आहे, हे एका कागदावर लिहून तो कागद पॉलिसीबरोबर ठेवावा. ज्यांची गाडी तळघरातील पार्किंगमध्ये उभी राहते त्यांनी इंजिन प्रोटेक्ट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पुढे पाण्याच्या प्रकरणात येईल.

तपासा: गाडीच्या चारही बाजूंचे, छताचे आणि चाकांचे तारीख असलेले फोटो दर काही महिन्यांनी काढून ठेवले आहेत का? जुने ओरखडे कोणते आणि नवे कोणते, हे सिद्ध करण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

## टप्पा २: गाडी जागची हलवण्यापूर्वी पुरावा गोळा करावा

नुकसान दिसताच कापड घेऊन पुसू नये आणि फुटलेले तुकडे गोळा करून फेकू नयेत. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या पत्र्यावर घासलेला असतो, तो सर्व्हेअरसाठी मोलाचा असतो. फोटो या क्रमाने काढावेत.

१. दहा-बारा पावलांवरून संपूर्ण गाडी, नंबर प्लेट आणि आसपासचा परिसर एकाच चौकटीत येईल असा फोटो, चारही दिशांनी.

२. नुकसान झालेला भाग हातभर अंतरावरून. शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवावे, म्हणजे आकार आणि जमिनीपासूनची उंची कळते. मोटारसायकलच्या हँडलने पडलेला व्रण आणि टेम्पोच्या मागच्या कोपऱ्याने पडलेला व्रण यांच्या उंचीत फरक असतो आणि सर्व्हेअर तो पाहतोच.

३. जमिनीवरचे काचांचे तुकडे, प्लॅस्टिकचे कपचे, टायरचे ठसे, तुटलेली फांदी.

४. डॅशबोर्डवरील किलोमीटरचा आकडा आणि चासी क्रमांक.

त्यानंतर सीसीटीव्हीकडे वळावे. बहुतेक यंत्रणांमध्ये जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. म्हणून सोसायटीच्या सचिवांना किंवा शेजारच्या दुकानदाराला त्याच दिवशी लेखी विनंती करावी. विनंतीत तारीख, वेळेची मर्यादा आणि कॅमेऱ्याची जागा असावी. चित्रण लगेच हाती मिळाले नाही तरी ते जपून ठेवल्याची पोच घ्यावी. रखवालदाराने काही पाहिले असेल तर त्याचे नाव आणि त्याची पाळी टिपून ठेवावी.

धडक देणारा जागेवर सापडला, तर वाद घालण्याआधी त्याच्या गाडीचा क्रमांक, परवाना आणि विम्याचा कागद यांचे फोटो घ्यावेत. त्याचा विमा चालू आहे की नाही हे एमपरिवहन ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून पाहता येते. तो दुरुस्तीचा खर्च देण्यास तयार असेल तर ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी उभ्या असलेल्या गाडीला माझ्या गाडीची धडक बसली आणि दुरुस्तीचा खर्च मी देईन’ असे दोन ओळींचे सहीनिशी पत्र घ्यावे. तोंडी आश्वासन गॅरेजचे बिल येईपर्यंत टिकत नाही.

सावधान: त्याच्याकडून पैसे घेऊन ‘आता माझी काहीही तक्रार नाही’ असे लिहून दिले आणि नंतर आपल्या कंपनीकडे त्याच नुकसानीचा दावा केला, तर तो दावा फेटाळला जाऊ शकतो. भरपाई दिल्यानंतर दोषी व्यक्तीकडून ती वसूल करण्याचा हक्क आपल्या कंपनीकडे जातो आणि आपण तो आधीच सोडून दिलेला असतो.

## टप्पा ३: पोलिसांकडे केव्हा जावे

प्रत्येक ओरखड्यासाठी पोलीस ठाण्यात जाण्याची गरज नसते. गाडीची किंवा तिच्या भागांची चोरी, आग, दंगल अथवा बंदमधील नासधूस, हेतुपुरस्सर केलेली मोडतोड, कोणी जखमी होणे आणि ओळख पटलेल्या वाहनाची मोठी धडक या प्रसंगी मात्र जावेच. प्रकरण दखलपात्र नसेल तर ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद केली जाते. तिची प्रतही दाव्याला उपयोगी पडते. नोंदीत नुकसान झालेल्या प्रत्येक भागाचे नाव आले आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. नोंदीत फक्त ‘गाडीची काच फोडली’ असे असेल आणि दाव्यात आरसाही असेल, तर आरशाबद्दल प्रश्न उभा राहतो.

धडक देणाऱ्याचा क्रमांक मिळाला असेल, तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून आपल्या गाडीची भरपाई मागता येते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीच्या पॉलिसीत ही मर्यादा सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपये असते. मालकाने हप्ता वाचवण्यासाठी ती घटवून घेतली असेल तर फक्त ६००० रुपये. हा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो आणि कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. पंधरा-वीस हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी हा खटाटोप परवडत नाही, असे मला वाटते. गाडी निम्मी चेपली असेल आणि स्वतःचा ओडी नसेल, तर मात्र हाच मार्ग उरतो आणि तो सोडू नये.

## टप्पा ४: दावा करावा की खिशातून खर्च करावा, याचा हिशोब

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. अधिकृत वर्कशॉपमधून लेखी इस्टिमेट घ्यावे आणि त्यातून काय कापले जाईल ते स्वतः काढावे. प्रमाणित पॉलिसीतील घसारा, म्हणजे वापर आणि वय यांमुळे भागांच्या किमतीतून होणारी कपात, अशी आहे:

- रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग: ५० टक्के
- फायबर ग्लास: ३० टक्के
- काच: घसारा नाही
- पत्रा आणि इतर भाग, गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के
- रंगकाम: एकूण खर्चाचा चौथा हिस्सा रंगाच्या सामानाचा धरून त्यावर ५० टक्के

साडेचार वर्षे वयाच्या १२०० सीसी गाडीचे एक उदाहरण घेऊ. रात्री कोणीतरी मागून धडकून गेले. बंपर ९०००, टेललॅम्प ६०००, रंगकाम ६००० आणि मजुरी २००० असे एकूण २३,००० रुपयांचे इस्टिमेट आले. बंपर आणि टेललॅम्प प्लॅस्टिकचे असल्याने अनुक्रमे ४५०० आणि ३००० कापले जातील. रंगकामातून ७५० जातील आणि शेवटी सक्तीचे १००० जातील. कंपनीकडून मिळतील १३,७५० रुपये.

आता दुसरी बाजू पाहावी. या मालकाला सध्या ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी मिळतो आहे आणि दावा केला नाही तर पुढच्या वर्षी तो ५० टक्के होईल. दावा केल्यास तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढून पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचतो. बोनसआधीचा ओडी हप्ता दरवर्षी १०,००० रुपये धरला, तर पहिल्या वर्षी ५०००, दुसऱ्या वर्षी ३०००, तिसऱ्या वर्षी २५००, चौथ्या वर्षी १५०० आणि पाचव्या वर्षी ५०० असे एकूण १२,५०० रुपये जादा भरावे लागतील. त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास ही रक्कम १४,७५० होते. १३,७५० मिळवण्यासाठी १४,७५० भरायचे, असा हा व्यवहार झाला. गाडीचे मूल्य घटत जाते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा थोडा कमी भरेल. तरीही या दाव्यात फायदा नाही, हे स्पष्ट आहे.

त्याच मालकाकडे झिरो डेप असते तर घसारा कापला न जाता २२,००० रुपये मिळाले असते आणि दावा करणे योग्य ठरले असते. एनसीबी प्रोटेक्ट असेल तर बोनस जाण्याचा प्रश्नही त्या संरक्षणाच्या अटींपुरता उरत नाही. म्हणून शेजाऱ्याने दावा केला की नाही यावरून आपला निर्णय ठरवू नये. आपला आकडा वेगळा असतो.

हा हिशोब एका दिवसात उरकावा. कंपनीला तातडीने कळवण्याची अट पॉलिसीत असते, त्यामुळे विचार करण्यात आठवडा घालवता येत नाही. चोरी, आग, पुराचे पाणी आणि मोठी मोडतोड यांत हिशोब करत बसू नये. तेथे आधी कळवावे.

सावधान: दावा नोंदवून नंतर मागे घेतल्यास तो ‘रक्कम न देता बंद’ असा नोंदला गेला असल्याचे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावे. अन्यथा नूतनीकरणाच्या वेळी बोनसवरून वाद होतो.

## टप्पा ५: कंपनीला कळवणे आणि फॉर्ममधील हकिकत

कळवताना कंपनीचा टोल फ्री क्रमांक, ॲप किंवा ईमेल वापरावा आणि दाव्याचा क्रमांक लगेच लिहून घ्यावा. एजंटला सांगितले म्हणजे कंपनीला कळवले असे होत नाही. फॉर्मसोबत आरसी, पॉलिसी, इस्टिमेट, फोटो, असल्यास पोलीस नोंद आणि गाडी शेवटी ज्याने उभी केली त्याचा परवाना जोडावा.

फॉर्ममध्ये ‘अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते’ असा रकाना असतो. येथे अनेक जण गडबडून स्वतःचे नाव घालतात आणि मग ‘खांबाला घासली’ अशी गोष्ट रचावी लागते. काही गॅरेजमध्ये तसा सल्लाही मिळतो, कारण उभ्या गाडीला अज्ञाताने ठोकले असे लिहिल्यास प्रश्न विचारले जातील, अशी त्यांची समजूत असते. तो सल्ला मुळीच मानू नये. खांबाला घासलेल्या पत्र्याचा आणि धडक बसलेल्या पत्र्याचा आकार सारखा नसतो, आणि खोटी हकिकत उघडकीस आली की खरे नुकसानही नाकारले जाते. अज्ञात वाहनाने उभ्या गाडीला दिलेली धडक बाह्य कारणाने झालेल्या अपघातात मोडते आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूसही पॉलिसीत नावानिशी समाविष्ट आहे. त्यामुळे गोष्ट रचण्याचे कारणच नाही. रकान्यात ‘गाडी उभी होती, चालक नव्हता’ असे लिहावे आणि हकिकत साधारण अशी असावी:

‘दि. १२ रोजी रात्री सुमारे साडेनऊ वाजता मी गाडी सोसायटीच्या पूर्वेकडील उघड्या पार्किंगमध्ये हँडब्रेक लावून आणि कुलूपबंद करून उभी केली. दि. १३ रोजी सकाळी सव्वासात वाजता गाडीकडे गेलो असता मागील बंपरचा डावा कोपरा आत गेलेला आणि डावा टेललॅम्प फुटलेला दिसला. नुकसान कोणी केले हे मला माहीत नाही. त्या वेळेत गाडीत कोणीही नव्हते. जागेवरील फोटो सोबत जोडले आहेत.’

या निवेदनात अंदाज नाही आणि कोणावर आरोपही नाही. जे पाहिले तेवढेच लिहिले आहे.

नेहमीची चूक: एका दाव्यात वर्षभराचे ओरखडे उरकून घेणे. उजव्या दाराचा मार्चमधला व्रण आणि मागच्या बंपरची जूनमधली धडक या दोन स्वतंत्र घटना आहेत. त्यांचे दावे स्वतंत्र होतात आणि सक्तीची कपात प्रत्येक दाव्यात वेगळी होते. व्रणात धरलेला गंज सर्व्हेअरला तारखेइतकाच स्पष्ट सांगतो.

फक्त टायर फाडले गेले आणि गाडीला दुसरे काहीच झाले नसेल, तर प्रमाणित पॉलिसीत भरपाई नाही. गाडीचेही नुकसान त्याच वेळी झाले असेल तर टायरच्या किमतीचे ५० टक्के मिळतात. काच फोडून आत ठेवलेला लॅपटॉप नेला, तर काचेचे पैसे मिळतात, लॅपटॉपचे नाहीत. उंदरांनी वायरिंग कुरतडल्याबाबत प्रमाणित शब्दरचनेत थेट उल्लेख नाही आणि कंपन्यांची भूमिका सारखी नसते. म्हणून गाडी दिवसेंदिवस एका जागी उभी राहणाऱ्यांनी पॉलिसी घेतानाच ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावे.

## टप्पा ६: सर्व्हे आणि दुरुस्ती

सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी गाडी खोलू देऊ नये. मोटारीच्या ५०,००० रुपयांहून अधिक नुकसानीसाठी परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याखालील प्रकरणांत अनेकदा मोबाइलवरच्या व्हिडिओवर काम भागते. सर्व्हेच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि कोणता भाग बदलायचा व कोणता दुरुस्त करायचा, याची यादी त्याच जागी विचारून घ्यावी.

बंपर उतरवल्यावर आतली पट्टी वाकलेली किंवा रिव्हर्स सेन्सर तुटलेला निघणे नेहमीचे आहे. अशा वेळी वर्कशॉपने काम थांबवावे, वाढीव इस्टिमेट पाठवावे आणि सर्व्हेअरची संमती घेऊनच सुटा भाग मागवावा. संमतीविना बसवलेल्या भागाचे पैसे मालकाच्या माथी येतात. बदललेले जुने भाग अंतिम तपासणी होईपर्यंत ठेवून घेण्यास सांगावे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते आणि हिशोब आयडीव्हीवर होतो.

## टप्पा ७: चार प्रसंग, ज्यांत क्रम बदलतो

पार्किंगमध्ये पाणी शिरले. २०१९ मध्ये पुण्यात आंबील ओढ्याला आणि सांगली-कोल्हापुरात नद्यांना आलेला पूर किंवा २०२१ चा चिपळूणचा पूर आठवला, तर उभ्या गाड्या किती वेगाने पाण्याखाली जातात हे वेगळे सांगायला नको. पुराचे पाणी प्रमाणित ओडीत समाविष्ट आहे. दावा बिघडतो तो चावी फिरवल्यामुळे. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने झाले नसून नंतरच्या कृतीने ओढवले, असे म्हणून कंपनी इंजिनाचा खर्च नाकारू शकते. इंजिन प्रोटेक्टचा सल्ला वर दिला तो याचसाठी. मात्र त्यातही पाण्यात गाडी सुरू करण्याबाबत अटी असतात, त्या वाचाव्यात.

म्हणून पाणी ओसरल्यावर आधी गाडीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचा फोटो घ्यावा, आत सीटपर्यंत किंवा डॅशबोर्डपर्यंत पाणी कुठवर आले तेही टिपावे. मग बॅटरीची ऋण तार सोडावी आणि कंपनीला कळवून गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी. मोबाइल ॲपवरून इंजिन सुरू होणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी घरच्या सर्वांना तशी ताकीद द्यावी. इलेक्ट्रिक गाडीला तर हातच लावू नये आणि कंपनीच्या तंत्रज्ञांना बोलवावे.

झाड किंवा फांदी पडली. अग्निशमन दलाला १०१ वर, मुंबईत महापालिकेच्या १९१६ वर कळवावे आणि फांदी कापण्यापूर्वी गाडीसह फोटो काढावेत. फांदी हटवल्यावर सर्व्हेअरला फक्त चेपलेले छत दिसते. अग्निशमन दलाच्या कामाची नोंद मागून घ्यावी. सोसायटीच्या आवारातील झाड धोकादायक वाटत असेल, तर पालिकेच्या उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज आधीच करून त्याची पोच ठेवावी. परवानगीविना झाड तोडणे कायद्याने गुन्हा आहे.

गाडीच चोरीला गेली. ११२ वर कळवून त्याच दिवशी एफआयआर नोंदवावा, मग विमा कंपनी, आरटीओ आणि कर्ज असल्यास बँक यांना लेखी कळवावे. एफआयआर तातडीने झालेला असेल, तर कंपनीला कळवण्यास झालेल्या उशिराच्या एकाच कारणावरून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. त्याचा आधार अडचणीत घ्यावा, उशीर करण्यासाठी नव्हे. पुढे पोलिसांचा ‘गाडी सापडली नाही’ हा अंतिम अहवाल, महाराष्ट्रात ज्याला ए समरी म्हणतात, तो लागतो. त्याबरोबर दोन्ही चाव्या द्याव्या लागतात. एक चावी आधीच हरवली असेल तर त्याची नोंद तेव्हाच केलेली असावी. चावी गाडीत विसरलेली असेल तर निष्काळजीपणाचा मुद्दा निघतो आणि रक्कम घटण्याची किंवा दावाच अडण्याची शक्यता असते.

गाडी दुसऱ्याच्या ताब्यात होती. हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमध्ये चावी सोपवल्यावर गाडीची जबाबदारी हॉटेलवर येते आणि ‘पार्किंग मालकाच्या जोखमीवर’ अशी पावती दाखवून स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला सुटता येत नाही. ताजमहाल हॉटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा निर्णय दिला. म्हणून व्हॅलेचे टोकन फेकू नये आणि गाडी परत घेताना आवारातच तिला एक फेरी मारून पाहावे. नो पार्किंगमधून वाहतूक पोलिसांनी उचललेली गाडीही अशीच पाहून घ्यावी. दंड भरल्यावर, गाडी आवाराबाहेर काढण्यापूर्वी फोटो घ्यावेत. नो पार्किंगमध्ये उभी होती, एवढ्याच कारणाने ओडीचे संरक्षण जात नाही.

## टप्पा ८: गाडी ताब्यात घेणे आणि नकार आल्यास

कॅशलेस दुरुस्तीनंतर ‘काम समाधानकारक झाले’ या कागदावर सही करण्यापूर्वी गाडी उजेडात पाहावी. रंगाची छटा शेजारच्या पत्र्याशी जुळते का, फटी सारख्या आहेत का, दिवे आणि सेन्सर चालतात का, हे तपासावे. आपल्याला भरायला सांगितलेल्या रकमेची फोड लेखी मागावी आणि ती टप्पा ४ मधील आकडेमोडीशी ताडून पाहावी.

विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या निर्देशांनुसार सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि कंपनीचा निर्णय त्यापुढे ७ दिवसांत व्हायला हवा. नकार फोनवर स्वीकारू नये. पॉलिसीतील कोणत्या अटीनुसार नकार दिला, हे पत्रात मागावे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तेथे दाद मिळाली नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, फी लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मिळवल्याशिवाय हा अर्ज करू नये, कारण सगळा वाद त्या अहवालाभोवतीच फिरतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, त्याची मुदत दोन वर्षांची आहे.

## टप्पा ९: पुढचे नूतनीकरण

दावा घेतलेल्या वर्षानंतर दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी घेताना ‘मागील वर्षी दावा केला होता का’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. एजंटने घाईत ‘नाही’ वर खूण केली आणि बोनस लावला, तर कंपन्या आपसांत खातरजमा करतात तेव्हा ते उघड होते आणि पुढचा दावा अडतो. नूतनीकरणाची तारीख उलटून एक दिवसही गेला, तर त्या दिवशी झालेल्या नुकसानीला संरक्षण नसते आणि कंपनी गाडीची तपासणी केल्याशिवाय नवा ओडी देत नाही. खंड ९० दिवसांहून लांबला तर साठलेला बोनसही जातो. गाडी महिनोन्‌महिने नुसती उभी आहे म्हणून ओडी थांबवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण झाड, पूर, चोरी आणि अज्ञाताची धडक यांपैकी एकाही गोष्टीसाठी गाडी चालू असावी लागत नाही.